वरच्यांना पडद्यावर सगळं दिसतं, मग प्लाटून कमांडरने ठरवायचं काय?

सांजवारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

माझा मुलगा दोन महिन्यांत लेफ्टनंट होऊन पलटणीत रुजू होईल, हाताखाली तीस-पस्तीस जवानांची प्लाटून. मी फौजेतला नाही, सगळी नोकरी बँकेत गेली. सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने मला युक्रेनमधले ड्रोनने टिपलेले व्हिडिओ दाखवले. खंदकात दोन सैनिक, डोक्यावर ड्रोन, आणि कित्येक किलोमीटर मागे तळघरात बसलेला अधिकारी तेच चित्र बघत वायरलेसवर सांगतोय: डावीकडे वळा, थांबा, आता निघा. व्हिडिओ संपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मागे बसलेल्याला माझ्यापेक्षा जास्त दिसणार असेल तर मी तिथे कशासाठी असेन?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे फौजेत राहून आलेले बरेच जण आहेत, इतिहास वाचणारे आहेत. आजच्या सैन्यात अगदी खालच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाला काही अर्थ उरलाय का? आणि उरला असेल तर तो नेमका कुठे? मनापासून विचारतोय.

रानफूल
वाचतेय. चांगला विषय.

चकमक
थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला वाटतं तुमच्या मुलाची शंका बरोबर आहे. ज्याच्याकडे माहिती जास्त, निर्णय त्याचा. पूर्वी खालच्या अधिकाऱ्याला मोकळीक होती कारण दुसरा इलाजच नव्हता, निरोप पोचायलाच तास लागायचे. आता पोचतो. मग अनुभवी माणसाने निर्णय घेतला तर काय बिघडलं? बावीस वर्षांच्या पोराच्या चुकीने दहा घरं उद्ध्वस्त होण्यापेक्षा ते परवडलं.

इतिहासवेडा
चकमक, हा प्रयोग आधीच होऊन गेलाय. व्हिएतनाममध्ये अमेरिकेकडे हेलिकॉप्टरं मुबलक होती. खाली जंगलात कंपनी लढतेय, तिच्या डोक्यावर बटालियन कमांडर घिरट्या घालतोय, त्याच्या वर ब्रिगेडचा, कधी त्याच्याही वर डिव्हिजनचा. सगळे एकाच कंपनी कमांडरशी बोलणार. त्या बिचाऱ्याने लढायचं कधी? वरून झाडांचे शेंडे दिसतात, झाडाखालचा माणूस दिसत नाही. भरीला अधिकाऱ्याला कमांड साधारण सहा महिन्यांची आणि सैनिकाचा मुक्काम वर्षाचा. म्हणजे जेमतेम ओळख होते तोवर साहेब बदललेला.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचतं. ऑक्टोबर 1962, चीनशी युद्ध, आजच्या अरुणाचलमधली नामका चू नदी. ब्रिगेडियर दळवींची 7 ब्रिगेड नदीकाठी खालच्या अंगाला आणि चिनी समोर थागला धारेवर, उंचावर. जागा वाईट आहे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं, पण हलायची परवानगी नाही. कोअर कमांडर जनरल कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि सूत्रं तिथूनच हलवत राहिले. 20 ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली. दिल्लीतल्या नकाशावर नदीची रेघ निळीच असते, तिच्या पाण्यात रात्रभर भिजलेल्या बुटांचं काय होतं ते त्या रेघेत कुठे दिसतं?

पायवाट
मी शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर अधिकारी होतो, त्यातला बराच काळ काउंटर इन्सर्जन्सीत (बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांत). तुकडी, जागा काही सांगत नाही, पण एक रात्र सांगतो.

आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, एका नाल्यातून वर चढत होतो. पाऊस नुकताच थांबलेला. सगळ्यांत पुढच्या स्काउटने मूठ वर केली आणि आम्ही जागच्या जागी बसलो. तेवढ्यात वायरलेस सेट बोलायला लागला. मागे ऑपरेशन्स रूममध्ये आमचा ठिपका नकाशावर दिसत होता आणि तो हलत नव्हता. "का थांबलात?" मी दोनदा बटण दाबून इशारा दिला, म्हणजे बोलू शकत नाही. पुन्हा तेच, "का थांबलात? सहाच्या आत वर पोचायचंय." तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी सेटचा आवाज पार बारीक केला.

स्काउटने मला पुढे बोलावून चिखलात बोट दाखवलं. बुटाचा ठसा, आणि त्यात गढूळ पाणी अजून झिरपत होतं. ठसा भरलासुद्धा नव्हता. म्हणजे कुणीतरी मिनिटा-दोन मिनिटांपूर्वी तिथून गेलं होतं. आम्ही नाला सोडला, बगलेने चढलो, वर तासभर उशिरा पोचलो. सकाळी शोध घेतला तेव्हा नाल्याच्या तोंडावर कुणीतरी बराच वेळ दबा धरून बसल्याच्या खुणा सापडल्या.

उशीर का झाला याचं लेखी स्पष्टीकरण मला द्यावं लागलं. ते मागणारा अधिकारी वाईट नव्हता. त्याच्याही मागे कुणीतरी "का थांबले?" विचारत बसलं होतं. सांजवारा, तुमच्या मुलाला एवढंच सांगा की ठशात भरणारं ते पाणी कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हतं.

रानफूल
अंगावर काटा आला. 🙏

घुबड
मी ड्रोनच्या क्षेत्रात काम करतो, इंजिनियर आहे, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. चकमक यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, ती म्हणजे चित्र येत राहील. ते येईलच असं नाही. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू एकमेकांचे सिग्नल सतत जाम करतात. म्हणून तर आता केसासारखी बारीक फायबर ऑप्टिक तार मागे सोडत जाणारे ड्रोन आलेत, ते जाम होत नाहीत.

म्हणजे ज्याला वरून विचारून पाऊल टाकायची सवय लागलीय, त्याचा आधार नेमका कठीण क्षणी तुटणार. ते स्वातंत्र्य त्याला रोज वापरू दिलं नाही तर त्या दिवशी ते कुठून आणायचं?

आणखी एक. जितकं जास्त बोलाल तितके जास्त सापडाल. 1 जानेवारी 2023 ला युक्रेनमधल्या, रशियाच्या ताब्यातल्या माकीव्का इथे एका इमारतीत उतरलेल्या रशियन सैनिकांवर रॉकेटं पडली. 89 मेले असं रशियाने स्वतः मान्य केलं आणि कारण दिलं, सैनिकांनी वापरलेले मोबाइल.

तर्कट
घुबड, मोबाइलचं कारण म्हणजे मेलेल्या सैनिकावर खापर फोडणं नाही का? इतक्या माणसांना एकाच इमारतीत कुणी ठेवलं? फोन असतीलच हे कुणाला कळायला हवं होतं?

घुबड
मान्य. शंभर टक्के मान्य. मी ते कारण जसंच्या तसं उतरवायला नको होतं.

सुभेदार_काका
मी अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

पायवाट सर, तुम्ही सेटचा आवाज कमी केलात ते बरोबर केलंत. पण त्या स्काउटचं नाव पण लिहायला पाहिजे होतं असं वाटलं. मूठ त्याने वर केली.

पायवाट
साहेब, बरोबर बोललात. नाव इथे लिहिता येणार नाही, पण त्या रिपोर्टमध्ये पहिलं नाव त्याचंच लिहिलं होतं. आजही फोन असतो त्याचा.

अनुराधा
माझे यजमान फौजेत होते, हवालदार. सगळे ड्रोनवर बोलताय, मी फोनवरच बोलते, कारण तो फोन दुसऱ्या टोकाला माझ्या हातात होता.

लग्न झालं तेव्हा पत्र जायला पंधरा दिवस लागायचे. घरातलं भांडण पत्र पोचेपर्यंत मिटलेलं असायचं. नंतर व्हिडिओ कॉल आला. मुलाला ताप चढलाय, रात्रीचे दहा वाजलेत, मी रडत फोन केला. यांची बारा वाजता ड्युटी होती. मी फोन ठेवला आणि मुलाचा ताप पहाटे उतरला. पण हे हातात रायफल घेऊन दोन तास कसे उभे राहिले असतील ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यांच्या प्लाटूनच्या साहेबांनी चेहरा बघून ओळखलं होतं. ड्युटी बदलली नाही, पण स्वतः येऊन शेजारी उभे राहिले. दोन तास. फारसं बोललेही नाहीत म्हणे.

कुठलं मशीन हे करणार आहे?

सांजवारा
अनुराधाताई, हा प्रतिसाद मुलाला पाठवला.

चकमक
ताई, मी गप्प बसलो होतो पण तुमचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. माणूस म्हणून अधिकारी हवाच, तो मुद्दा मला मान्य. माझी शंका निर्णयाबद्दल होती. पायवाटांची गोष्ट चांगली संपली. खालच्याने वरच्याचं ऐकलं नाही आणि गोष्ट वाईट संपली असंही होतंच की.

इतिहासवेडा
होतं. आणि उलटही होतं, वरून आलेला कडक शब्द खालच्याला मृत्यूकडे ढकलतो. प्रतापराव गुजर आठवा. उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडून सोडून दिलं. खान पुन्हा उलटून आला. महाराजांचा जाब गेला, खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका अशा अर्थाचा. फेब्रुवारी 1674, नेसरीची खिंड. सरनोबत सहा स्वार घेऊन अख्ख्या फौजेवर तुटून पडला. आपण त्या सात वीरांना नमस्कार करतो आणि करायलाच हवा. पण सेनेचा विचार केला तर राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नसताना सेनापती गेला. त्यानंतर हंबीररावांची निवड झाली आणि फौज सावरली, ते नशीब.

महाराजांचा राग चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. सोडलेल्या शत्रूने रयतेला पुन्हा नाडलं होतं. पण वरच्याचा शब्द खालच्याच्या मनात किती मोठा होऊन उतरतो, हे प्रत्येक वरिष्ठाने नेसरीवरून शिकावं.

तर्कट
1971 चे अरुण खेत्रपाल? बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटलेला, वरून हुकूम आला की सोडा आणि बाहेर पडा. त्यांनी कळवलं, तोफ अजून चालतेय, आणि वायरलेस बंद केला. वय 21. परमवीर चक्र. हे नेतृत्व की नुसतं धाडस?

पायवाट
तर्कट, माझ्या मते नेतृत्वच. हुकूम त्यांना वाचवण्यासाठी होता. पण ते हटले असते तर त्या तुकड्यावर पाकिस्तानी रणगाड्यांना वाट मिळाली असती, आणि ते त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी हुकूम मोडला, पण हुकूम देणाऱ्याला शेवटी जे साधायचं होतं ते सोडलं नाही. हा फरक अकादमीत शिकवतात आणि समजायला मात्र नोकरीची निम्मी वर्षं जातात.

प्रशियाचं (जुन्या जर्मन राज्याचं) सैन्य नेपोलियनकडून 1806 मध्ये येनाला मार खाऊन हाच धडा शिकलं. पुढे त्यांचा सेनानी मोल्टके याच्या काळात तो पक्का झाला: खालच्याला काय साधायचं आणि का ते सांगा, कसं ते त्याच्यावर सोडा. सगळी सैन्यं आज हे वाक्य तोंडपाठ म्हणतात.

आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण जनरल सगत सिंग. 1971 ला त्यांच्या 4 कोअरचं काम मेघना नदीच्या अलीकडचा मुलूख घेण्यापुरतं होतं. अशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला. सगत सिंगांनी 9 डिसेंबरपासून एमआय-4 हेलिकॉप्टरांनी जवान पलीकडे उतरवायला सुरुवात केली आणि ढाक्याची वाट उघडली. सगळं विचारून केलं असतं तर परवानगीची वाट बघण्यात किती दिवस गेले असते?

दर्यावर्दी
जमिनीवरच्यांनो, जरा समुद्रावर या. मी व्यापारी जहाजावर होतो, नौदलात नाही, पण 2017 ची दोन प्रकरणं आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी अभ्यासली. अमेरिकन विनाशिका फिट्झगेराल्ड जूनमध्ये मालवाहू जहाजावर आदळली, 7 खलाशी गेले. ऑगस्टमध्ये जॉन मॅकेन सिंगापूरजवळ टँकरवर, 10 गेले. जगातलं सर्वांत सधन नौदल. युद्ध नाही, वादळ नाही.

चौकशीत निघालं काय? थकलेली माणसं, तोकडं प्रशिक्षण, आणि मॅकेनवर सुकाणूचं नियंत्रण टचस्क्रीनवर. कुठल्या खुर्चीकडून जहाज चालतंय हेच काही मिनिटं ब्रिजवर कुणाला नीट कळेना. नंतर त्यांनी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं.

मला यातलं थकव्याचं प्रकरण सर्वांत गंभीर वाटतं. प्रत्येक मोहिमेला "हो, जमेल" म्हणायची सवय लागते. माणसं दमलीत, जहाज तयार नाही, हे वर सांगणारा कप्तान घाबरट ठरतो. आजच्या सैन्यांपुढचं आव्हान ड्रोन वगैरे आहेच, पण वरच्याला "आत्ता जमणार नाही" असं सांगता येणं त्याहून अवघड आहे.

इतिहासवेडा
दर्यावर्दी, याला जोडून. अमेरिकेनेच 2002 मध्ये मोठा युद्धसराव केला होता. शत्रूच्या भूमिकेत निवृत्त जनरल व्हॅन रायपर. त्यांनी रेडिओ बंद ठेवून निरोप मोटरसायकलवरून पाठवले, छोट्या बोटी आणि क्षेपणास्त्रांनी 16 युद्धनौका कागदावर बुडवल्या. आयोजकांनी काय केलं? नौका पुन्हा तरंगत्या करून सराव पुढे चालू केला. ज्या चुकीतून शिकायचं तीच पुसली.

सुभेदार_काका
चुकीवरून लिहितो. शांततेच्या ठिकाणी असताना एका नव्या ड्रायव्हरने गाडी वळणावर कठड्याला घातली. कुणाला लागलं नाही, गाडीचं पुढचं सगळं चेपलं. पोरगा थरथर कापत होता. सीओ साहेब (पलटणीचे कमांडर) आले, आधी त्याचे हात बघितले, पाय बघितले, मग म्हणाले, "लोखंड आहे, ठोकून सरळ होईल. संध्याकाळी तूच गाडी काढ." वर जबाब त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिला. त्यांना पुढे प्रमोशन मिळालं नाही. या एका कारणाने असं मी म्हणत नाही, पण एसीआर मध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, असली लोखंडं जमत जातात.

तो ड्रायव्हर नंतर डोंगरातल्या रस्त्यांवर आमचा सर्वांत भरवशाचा माणूस झाला. रात्री दिवे बंद ठेवून गाडी चालवायचा.

चूक झाली की नोकरी गेली असं ज्या पलटणीत असतं तिथे पोरं चूक करत नाहीत, चूक लपवतात. लपवलेली चूक लढाईत वर येते. मी बघितली आहे. ती लिहिणार नाही.

तर्कट
काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

धाग्याच्या विषयात एक भर. माणसं आणि साहेब यांची ओळख मुरायला वर्षं लागतात असं सगळे म्हणताय. मग अग्निपथ भरती योजनेचं काय? 2022 पासून भरती चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे राहणार. सैन्य तरुण राहील हे खरं. पण काकांच्या ड्रायव्हरसारखा माणूस घडेपर्यंत तो घरी गेलेला असेल.

चकमक
इथे मी योजनेच्या बाजूने बोलतो. डोंगरात चढायला तरुण छाती लागते. कारगिलनंतर अजय विक्रम सिंग समिती नेमली ती बटालियन कमांडरांचं वय खाली आणायलाच ना? तोच न्याय जवानाला.

सुभेदार_काका
चकमक भाऊ, छाती तरुण पाहिजे हे खरं आहे. पण सेक्शनमध्ये, म्हणजे दहा जणांच्या तुकडीत, दहातला एक तरी असा पाहिजे ज्याने आधी गोळी अंगावरून जाताना ऐकली आहे. बाकीचे नऊ त्याच्याकडे बघून बसतात आणि त्याच्याकडे बघून उठतात. त्या एकाला ठेवून घ्यायची सोय नीट झाली तर योजना चालेल. चार वर्षांत कोण राहणार, कोण जाणार, या हिशेबात दोन मित्र एकमेकांशी स्पर्धा करायला लागले तर मात्र अवघड आहे. त्यांना सांभाळणं हे तुमच्या मुलासारख्या नव्या साहेबांचंच काम, सांजवारा साहेब.

अनुराधा
आणि नवे साहेब आता मुलीही आहेत! 17 फेब्रुवारी 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची नोकरी) आणि कमांडच्या जागा खुल्या केल्या. खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असं तिथे सरकारकडून सांगितलं गेलं होतं. आम्हीच त्या जवानांच्या आया आणि बायका. घरात कुणाचा हुकूम चालतो ते आम्हाला विचारायचं होतं. 😊

मे 2025 मध्ये एनडीएतून (खडकवासल्याच्या अकादमीतून) पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले होते.

रानफूल
ताई +१००

घुबड
तिन्ही दलं एकत्र लढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? सीडीएसचं, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त प्रमुखाचं पद 1 जानेवारी 2020 पासून आहे, थिएटर कमांडची (एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरखाली) चर्चा तेव्हापासून चालूच. ड्रोन आला की तो कुणाचा, भूदलाचा की हवाई दलाचा, आणि तो पाडायचा कुणी, हे आधी ठरलेलं नसेल तर पाडायच्या आधी ओळख पटवण्यातच वेळ जाईल.

इतिहासवेडा
पानिपत, घुबड, पानिपत. मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याचं पायदळ आणि तोफा एका शिस्तीने चाललेल्या, गोल (सगळ्या फौजेचा एकत्र व्यूह) बांधून जायचं ठरलेलं. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडदळाचे सरदार मध्येच उधळले आणि स्वतःच्याच तोफांच्या माऱ्यासमोर आले, असं वाचायला मिळतं. शौर्यात कुणी कमी नव्हतं. एकमेकांची लढायची पद्धत एकमेकांना पचलेली नव्हती. कागदावर एकत्र कमांड काढून ते होत नाही, वर्षानुवर्षं एकत्र सराव करून होतं. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

चकमक
सांजवारा, मी सुरुवातीला लिहिलं होतं, माहिती जास्त त्याचा निर्णय. ते आता असं बदलतो: कुणाची माहिती कशाबद्दलची आहे ते बघायला हवं. मागच्याला दिसतं की डोंगराच्या पलीकडे काय आहे. पुढच्याला दिसतं की आपला माणूस अजून किती चालू शकतो. ठशातल्या पाण्याने माझं मत हललं, प्रामाणिकपणे सांगतो. मागच्याने डोंगरापलीकडचं कळवावं, आणि पाऊल कधी टाकायचं ते पुढच्यावर सोडावं. ते सोडायला मागच्याकडे धीर हवा, आणि तो धीर शिकवायची सोय कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पायवाट
चकमक, ती सोय कमी आहे, हे खरंच दुखणं आहे. मी एकच अधिकारी पाहिला जो चित्र समोर असताना मुद्दाम पाठ फिरवून बसायचा. म्हणायचा, बघत राहिलो तर बोलावंसं वाटेल.

सांजवारा
मंडळी, सगळं छापून मुलाला पाठवलं. काल रात्री फोन आला. पाठ फिरवून बसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, ते सगळं पुढचं झालं. सुभेदार काकांना विचारा, पहिल्या आठवड्यात मी काय करू?"

काका, सांगाल?

सुभेदार_काका
साहेबांना सांगा, पहिल्या आठवड्यात फक्त नावं. सगळ्यांची. नाव, गाव, घरी कोण आजारी आहे, कोणाची बहीण लग्नाची आहे. हुकूम द्यायची घाई नको, प्लाटून हवालदार आहे तोवर चालवायला.

सांजवारा
विचारतोय की तीस-पस्तीस नावं एका आठवड्यात कशी पाठ करायची.

सुभेदार_काका
कागदावर पाठ करू नका म्हणावं. रोज रात्री दोन आणि चारच्या मधे पहारे तपासायला जा, टॉर्च न घेता. संत्री हटकेल, "थम, कौन आता है?" आवाजावरून कोण ते ओळखायचं आणि परवलीचा शब्द दिल्यावर नावाने बोलायचं. पहिल्या रात्री चुकेल. पोरं हसतील, हसू द्यावं.